वडील न्यायालयीन कोठडीत, घरी दोन मुलं: शाळा, कागदपत्रं, मुलाकात यांतलं आधी काय धरायचं?

सिन्नर_बाई

नमस्कार. प्रश्न दोन भावंडांचा आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा अकरा वर्षांचा, सहावीत. मुलगी साडेपाच वर्षांची, यंदा पहिलीला जाणार. वडील दीड महिन्यापासून न्यायालयीन कोठडीत, नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहात. जामीन एकदा फेटाळला आहे, आरोपपत्र अजून दाखल नाही. आई द्राक्षबागेत रोजंदारीला जाते, घरी आजी असते. गावात सगळ्यांना माहीत आहे.

अडचणी अशा:

मुलीला ‘बाबा मुंबईला कामाला गेलेत’ असं सांगितलंय. मुलाला खरं माहीत आहे, पण बहिणीसमोर बोलायचं नाही अशी त्याला ताकीद आहे. तो वर्गात आता कोणाशीच बोलत नाही.

घरातल्या सगळ्यांच्या आधारला वडिलांचाच मोबाइल नंबर जोडलेला. तो मोबाइल पोलिसांनी जप्त केलाय, त्यामुळे कुठलाच ओटीपी येत नाही. शिष्यवृत्तीचं खातंही वडील पालक म्हणून उघडलेलं.

मुलगा भेटायला न्या म्हणून हट्ट धरतो, आई नाही म्हणते.

मामांचं म्हणणं, दोघांना आश्रमशाळेत टाकून मोकळं व्हा.

आईचा एक दिवस म्हणजे एक रोज बुडतो. कमीत कमी खेपांत काय काय उरकता येईल? आणि शाळेने काय करावं, काय करू नये?

---

बालहक्क_नाशिक

बाई, आधी एक गोष्ट घरच्यांच्या मनावर ठसवा. केस केसच्या गतीने चालेल, मुलांची कामं त्या तारखांना बांधायची नाहीत. ‘जामीन झाला की बघू’ म्हणत म्हणत शाळेचं वर्ष निघून जातं आणि मग कागदही जुने होतात.

मुंबईची थाप पहिल्यांदा मोडा, आणि ती आईनेच मोडायला हवी, शेजारणीने नव्हे. साडेपाच वर्षांच्या मुलीला ही गोष्ट अंगणात खेळताना कोणीतरी सांगणारच आहे. तेव्हा तिला दोन गोष्टी एकदम कळतील: बाबा कुठे आहेत ते, आणि आई खोटं बोलते हेही. दुसरी जास्त लागते. शिवाय मुंबईला गेलेला माणूस फोन करतो, दिवाळीला येतो. बाबा यातलं काहीच करत नाहीत म्हटल्यावर या वयाची मुलं कारण स्वतःत शोधतात. ‘मी त्या दिवशी हट्ट केला म्हणून गेले’ असं त्यांच्या डोक्यात बसतं आणि ते कोणाला सांगत नाहीत.

तिला सांगायला पाच-सहा वाक्यं पुरतात: ‘बाबांनी एक मोठा नियम मोडला असं पोलिसांना वाटतं. ते खरं की खोटं, हे कोर्टात न्यायाधीश ठरवणार. तोपर्यंत बाबांना एका मोठ्या इमारतीत राहावं लागतं, तिला तुरुंग म्हणतात. तिथे त्यांना जेवण मिळतं, झोपायला जागा असते. हे तुझ्यामुळे झालेलं नाही. तुला शाळेतून आणायला रोज आजीच येणार.’ शेवटचं वाक्य गाळू नका. उद्या माझं काय, मला कोण आणणार, हाच तिचा खरा प्रश्न असतो. दिवसाउजेडी, घरात सांगा. झोपायच्या वेळी नको. ती ऐकून लगेच खेळायला पळाली तर तिला कळलं नाही असं समजू नका. दोन दिवसांनी भाकरी खाताना विचारेल.

तारखेचं वचन कोणीही देऊ नये. ‘दिवाळीपर्यंत येतील’ म्हणायचं आणि अर्ज फेटाळला गेला की पोराची दिवाळी दोनदा बुडते.

मुलाचं वेगळं आहे. त्याने मोबाइलवर बातमी आणि तिच्याखालच्या कमेंटी केव्हाच वाचलेल्या असतात. त्याला कलम सांगायला हरकत नाही. जामीन म्हणजे काय, आरोपपत्र म्हणजे काय, आरोप आणि शिक्षा यांत फरक काय, हे कागदावर रेघा मारून दाखवा. बहिणीपासून लपवायची जबाबदारी काढून घेतली की तो थोडा मोकळा होतो. आणि ‘आता तूच घरातला कर्ता पुरुष’ हे वाक्य मामा, आजी, गल्लीतले काका सगळ्यांना बंद करायला सांगा. अकरा वर्षांचा मुलगा ते शब्दशः घेतो, मग शाळा चुकवून गाड्यावर कामाला लागतो.

शाळेबद्दल. वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक, एवढ्या दोघांनाच अधिकृतपणे माहीत असलेलं बरं. गाव जाणतो हे खरं, पण कोणाशी बोलायचं हे मुलाला ठाऊक हवं. तातडीच्या संपर्काचा नंबर आजच बदला, नाहीतर मुलगी तापाने फणफणली की शाळा जप्त मोबाइलवर फोन लावत बसते. प्रगतिपुस्तकावर वडिलांचीच सही हवी हा हट्ट नको. ‘माझे बाबा’ हा निबंध सहावीत हमखास येतो. विषय सगळ्या वर्गासाठीच ‘माझ्या घरातली आवडती व्यक्ती’ करा. त्या एकट्याला सूट दिलीत तर त्याच्याकडे बोट दाखवल्यासारखं होतं.

चिडवणाऱ्यांसाठी त्याला एक ठरलेलं उत्तर द्या: ‘ते मोठ्यांचं आहे, मला त्यावर बोलायचं नाही.’ घरी तीन-चार वेळा मोठ्याने म्हणवून घ्या, ऐन वेळी तोंडात यायला हवं. चिडवणं थांबवणं हे मात्र शाळेचं काम. आणि शिक्षकच ‘बापावर गेलाय’ म्हणाले, तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं, हे मुख्याध्यापकांच्या कानावर घाला.

अंथरूण ओलं होणं, पोट दुखणं, रात्री दचकणं हे सुरुवातीचे काही आठवडे चालतं. वाढतच गेलं, किंवा मुलगा जेवण टाकायला लागला, मरणाच्या गोष्टी बोलायला लागला, तर थांबू नका. टेलि-मानस १४४१६ हा फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहेच.

---

कागदपत्र_काका

ओटीपीची गाठ सोडवल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही, म्हणून तिथून सुरुवात.

जप्त मोबाइल म्हणजे मुद्देमाल. तो कोर्टाच्या आदेशाने सुपूर्तनाम्यावर (मागितला तेव्हा हजर करू अशा लेखी हमीवर) परत मिळू शकतो, पण तपासणीला प्रयोगशाळेत गेला असेल तर महिनोन्‌महिने लागतात. डुप्लिकेट सिमसाठी सिम ज्याच्या नावावर तो माणूस हजर लागतो. दोन्हीकडे वाट बघू नका. आईच्या नावावर एक सिम घ्या आणि आई, आजी, दोन्ही मुलं, सगळ्यांचं आधार त्या नंबरवर करून घ्या. आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे दिले की हे होतं. जुना नंबर बंद असला तरी अडत नाही, कारण तिथे ओटीपी नव्हे, ठसा चालतो. मुलगी पाच वर्षांची झाली म्हणजे तिचं बायोमेट्रिक अद्ययावत करणंही आलंच, ते त्याच खेपेत फुकटात उरकतं. शाळेची बोनाफाईड आणि जन्मदाखला सोबत ठेवा.

दुसरी खेप बँक. वडील पालक असलेलं जुनं खातं दुरुस्त करत बसू नका, सही वडिलांची मागतील. आई पालक म्हणून मुलाचं नवीन खातं उघडा. बँकेत ‘नैसर्गिक पालक वडीलच’ असं कोणी म्हणालं तर १९९९ चा गीता हरिहरन खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगा: वडील प्रत्यक्षात मुलांचं बघण्याच्या स्थितीत नसतील तर आई नैसर्गिक पालक म्हणून काम करू शकते. खातं उघडताना ‘आधार लिंक’ एवढ्यावर खूश होऊ नका. थेट अनुदान ज्या खात्यात पडायचं तेच खातं आधारशी मॅप झालंय का, ते विचारा. मॅपिंग जुन्या खात्यालाच राहिलं तर पैसे तिकडे जातात आणि आई नव्या पासबुकाला एंट्री मारत बसते.

आता पैसे. राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे महिन्याला २,२५० रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व आहे, महिन्याला ४,०००. त्याला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,०००. एकाच मुलासाठी दोन्हीकडे अर्ज टाकून गोंधळ घालू नका. जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा, कुठे निधी आणि जागा आहे ते बघा आणि एक धरा.

बालसंगोपनचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात. सोबत मुलाचं आणि आईचं आधार, जन्मदाखला, चालू वर्षाची बोनाफाईड, रेशनकार्ड, रहिवासाचा पुरावा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, पासबुकाची झेरॉक्स, आणि घरासमोर मुलांसह पालकाचा फोटो. शिवाय तुमच्या प्रकरणात एक जादा कागद: वडील कारागृहात आहेत याचा दाखला. त्यासाठी कारागृह अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज करायचा. वडिलांचं पूर्ण नाव, बंदी क्रमांक (कारागृहातला त्यांचा कैदी नंबर), पोलीस ठाणं, गुन्हा रजिस्टर नंबर, आणि ‘मुलांच्या योजनेसाठी’ एवढं कारण. बंदी क्रमांक भेटीच्या पावतीवरून किंवा वकिलांकडून मिळतो. दाखला यायला वेळ लागला तर कोर्टाच्या रिमांड आदेशाची प्रत जोडा.

हा अर्ज दोन ठिकाणी अडकतो.

एक, उत्पन्नाचा दाखला. तलाठी गेल्या वर्षीचं, वडिलांच्या कमाईसकटचं उत्पन्न धरतात. अर्जात स्पष्ट लिहा की कमावते वडील अमुक तारखेपासून कारागृहात आहेत, सध्या फक्त आईची रोजंदारी. आदेशाची झेरॉक्स लावा.

दोन, टेबलावर ‘शिक्षा लागलीय का? मग या’ असं ऐकवतात. कच्च्या कैद्यांच्या, म्हणजे खटला अजून बाकी असलेल्यांच्या मुलांना हे फार ठिकाणी ऐकावं लागतं. अर्जात कारण लिहिताना ‘कमावते वडील कारागृहात, एकट्या आईवर भार, कौटुंबिक संकट’ असं लिहा. मंजुरी बाल कल्याण समिती देते, टेबलावरचा माणूस देत नाही. तोंडी नकारावर अर्ज परत घेऊ नका. आवक शिक्का आणि क्रमांक घ्या, नाकारायचं असेल तर लेखी मागा. हा शिक्का हातात असणं म्हणजे निम्मं काम. बाकी अर्ज फुकट आहे, एजंटला एक रुपया देऊ नका.

समितीसमोर मुलं न्यावी लागतात, आणि त्याआधी कोणीतरी घरी चौकशीला येतं. आईला वाटतं, मुलं काढून घ्यायला आले. तिला आधीच सांगून ठेवा: समिती मुलं आईकडेच ठेवून मदत मंजूर करू शकते, या योजनेचा उद्देशच तो आहे.

रेशनकार्डावरून वडिलांचं नाव कमी करायला कोणी सुचवेल. करू नका, पुढे नातं सिद्ध करायला तेच कार्ड लागतं. मुलाच्या जातीच्या दाखल्याला वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला लागेल. तो सापडत नसेल तर वडील ज्या प्राथमिक शाळेत शिकले तिथून प्रवेश-निर्गम उतारा घ्या. बाई, हे काम तुम्हीच करू शकता. शाळेतून शाळेत एक फोन आणि एक पत्र, आईचा रोज वाचेल.

---

गावाकडचा_विचार

बाकी ठीक, पण लहान मुलांना तुरुंगाच्या दारात नेऊच नये या मताचा मी आहे. पोलीस, झडत्या, रांगा, शिव्या. पोरांच्या मनावर तेच कोरलं जातं. आईचं बरोबर आहे.

---

प्रोबेशन_निवृत्त

गावाकडचा, तुमची भीती खोटी नाही. न सांगता-सवरता नेलेल्या मुलावर वाईट परिणाम होतो. पण न नेलेलं मूल काहीच बघत नाही असं नाही. ते सिनेमातला तुरुंग बघतं, साखळदंड आणि अंधारकोठडीवाला, आणि बाप त्यात बसवतं. अकरा वर्षांचा मुलगा स्वतः मागतोय तर न्यायला हवं. मुलीला दुसऱ्या खेपेला न्या. पहिल्यांदा मुलगा जाऊन येऊ दे, तोच तिला सांगेल.

सुरुवात घरातून. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ई-प्रिझन्स पोर्टलवर ‘ई-मुलाकात’ आहे. त्यात भेटणाऱ्याचं नाव, पत्ता, नातं, ओळखपत्र, मोबाइल आणि मग बंद्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, वय, कारागृह असं भरायचं. प्रत्यक्ष भेट की व्हिडिओ, हे तिथेच निवडता येतं. सोबत येणाऱ्यांची नावं त्याच अर्जात जोडा, मुलाचं राहून गेलं तर दारावर वाद होतो. बंद्याचं नाव पोलीस रेकॉर्डला जसं आहे तसंच लिहा. ‘बाळासाहेब’ आणि ‘बाळू’ यात अर्ज अडतो. आईच्या आधारवर माहेरचं नाव असेल तर लग्नाचा किंवा मुलाचा जन्मदाखला जवळ ठेवा, त्यावर दोघांची नावं असतात.

पहिली भेट व्हिडिओवर केलेली चांगली. बाप बोलतोय, हसतोय, जिवंत आहे, एवढं पोराने पाहिलं की निम्मी धास्ती जाते. फक्त शाळेच्या ऑफिसात शिक्षकांच्या गराड्यात बसवून करू नका. घरी, दार लोटून, मोबाइल पुस्तकाला टेकवून.

प्रत्यक्ष भेटीचा दिवस. सिन्नरहून सकाळची एसटी धरून जेलरोडला उतरा. बोलायला मिळतात पंधरा-वीस मिनिटं, थांबायला जातो अर्धा दिवस. मुलाला आधी खाऊ घाला, आत डबा जात नाही. मोबाइल, पर्स आत नेता येत नाही. नंबर कागदावर लिहून ठेवा, मोबाइल घरी ठेवला तर उत्तम, नाहीतर बाहेरच्या टपरीवर सांभाळायला ठेवावा लागतो. अंगझडती होईल हे मुलाला आदल्या दिवशीच सांगा, ‘एसटी स्टँडवर बॅग तपासतात तसं’ म्हणून. आणि हेही सांगा: ‘मध्ये काच किंवा जाळी असेल, हात लावता येणार नाही. फोनसारखं कानाला लावून बोलायचं. शेजारी बाकीचेही बोलत असतील, गोंगाट असेल. बाबांची दाढी वाढली असेल, बारीक दिसतील. कपडे त्यांचेच असतील.’ न्यायबंद्यांना (खटला बाकी असलेल्यांना) स्वतःचे कपडे असतात, पांढरे कपडे शिक्षाबंद्यांना (शिक्षा लागलेल्यांना). ही एवढी वाक्यं आधी कानावर पडलेलं मूल आत गेल्यावर गोठत नाही.

भेट कुठे फसते ते सांगतो. वीस मिनिटांतली अठरा मिनिटं आई वकिलाच्या फीबद्दल बोलते आणि मग घाईने ‘बोल रे बाबांशी’ म्हणून रिसीव्हर मुलाच्या हातात देते. मूल मुकं होतं, बाप रडतो, वेळ संपते. म्हणून पहिली सात-आठ मिनिटं मुलाची, घड्याळ लावून. त्याला बोलायचे तीन विषय आदल्या रात्री ठरवून द्या: शेळीला पिल्लं झाली, गणिताच्या चाचणीत अमुक मार्क, आणि बाबांना विचारायचा एक प्रश्न, ज्याचं उत्तर बाबांनाच येतं. मोटारीचा पंप कसा चालू करायचा, पतंगाला कणी कशी बांधायची, असलं काहीतरी. बापाला बाप म्हणून काहीतरी करायला मिळतं. वकिलाच्या गोष्टींसाठी मूल नसलेली वेगळी भेट ठेवा.

बापालाही तयार करावं लागतं. आईने आधी पत्र टाकावं: मुलाला घेऊन येतेय, लवकर येतो असं म्हणू नका, घर सांभाळ असं म्हणू नका, केसबद्दल बोलू नका, अभ्यासाचं आणि मित्रांचं विचारा.

पत्रांना लोक विसरतात. साधा कागद, साधं पाकीट, वर पूर्ण नाव, बंदी क्रमांक, मार्फत अधीक्षक. पत्र उघडून वाचलं जातं हे मुलाला सांगा आणि केसचा एक शब्द त्यात नको. मुलीने काढलेलं चित्र सपाट कागदावर पाठवा. टिकल्या, चमकी, चिकटवलेलं काही नको, ते काढून घेतात. पंधरा दिवसांतून एक पत्र हा नेम महिन्याच्या एका भेटीपेक्षा कधी कधी जास्त कामाचा ठरतो.

कोर्टातल्या तारखेला मुलांना नेऊ नका. तिथे भेट सोपी वाटते, पण पेशी व्हिडिओवरच होते किंवा गार्ड बोलू देत नाही, आणि पोर बापाला बेडीत बघून परत येतं.

भेटीनंतर दोन-चार दिवस मूल चिडचिड करतं, मुलगी अंथरूण ओलं करेल. त्यावरून ‘नेलं म्हणून बिघडलं’ असा निष्कर्ष लगेच काढू नका. तीन-चार भेटींनंतरही तसंच राहिलं तर थांबा आणि व्हिडिओवर या.

महाराष्ट्रातल्या कारागृहांत अधूनमधून ‘गळाभेट’ होते. तेव्हा जाळी-काच नसते, मुलं बापाच्या मांडीवर बसतात. वयाची आणि बंद्यांच्या प्रकाराची अट त्या त्या वेळच्या सूचनेत असते. भेटीच्या खिडकीवर विचारत राहा, बापालाही आतून विचारायला सांगा.

एक अपवाद ठळक लिहितो. आरोप मुलांच्या आईला मारल्याचा, किंवा मुलांवरच्या अत्याचाराचा असेल तर वरचं काहीही लागू नाही. तिथे मूल साक्षीदार किंवा पीडित असतं. कोर्ट, बाल कल्याण समिती आणि समुपदेशक यांच्याशी बोलल्याशिवाय भेट, फोन, पत्र काहीच नको, आजोळ-वडिलघरच्या नातेवाइकांमार्फत निरोपही नको.

---

चाळीतली_मावशी

सगळं वाचलं, उपयोगी आहे. आमच्या शेजारचं उलटं आहे, आई आत आहे आणि मूल दोन वर्षांचं. ते आईजवळ राहू शकतं का? की संस्थेत द्यायचं?

---

वकील_सातपूर

मावशी, सहा वर्षांपर्यंत मूल आईजवळ कारागृहात राहू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश या प्रकरणात २००६ साली यासाठी सविस्तर निर्देश दिले. मूल म्हणजे कैदी नव्हे. त्याचा आहार, दूध, कपडे, लसीकरण, पाळणाघर-बालवाडी ही कारागृहाची जबाबदारी. आत जन्मलेल्या बाळाच्या दाखल्यावर जन्मठिकाण म्हणून कारागृह लिहायचं नाही, परिसराचा पत्ता लिहायचा. दाखल्यावर तसं आलं असेल तर लगेच दुरुस्ती मागा, शाळाप्रवेशाच्या वेळी धावपळ नको.

पण ‘राहू शकतं’ म्हणजे ‘ठेवावंच’ असं नाही. घरी अंगावर घेणारी आजी किंवा मावशी असेल, थोरली भावंडं असतील, तर आईशी बोलून ठरवा. आत ठेवलं तर सहाव्या वर्षाची तयारी पाचव्या वर्षीच सुरू करा. ज्या नातेवाइकाकडे पुढे राहायचं तो आधीपासून भेटीला यायला हवा, म्हणजे मूल अनोळखी माणसाच्या हाती जात नाही. घरचं कोणीच नसेल तर बाल कल्याण समिती. अटकेच्या वेळी मूल एकटं मागे राहिलं असेल तर त्याला २४ तासांत समितीसमोर न्यायचं असतं, प्रवासाचा वेळ सोडून. आईच्या जामीन अर्जात मुलाचं वय आणि त्याला दुसरं कोणी नाही हे ठळक घाला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८० अजामीनपात्र गुन्ह्यातही स्त्रीला जामीन देण्याची वाट कोर्टाला मोकळी ठेवतं. कोर्टावर बंधन नाही, पण मुद्दा मांडलाच नाही तर विचारही होत नाही.

सिन्नर_बाई, तुमच्या प्रकरणात तीन गोष्टी.

आरोपपत्राची मुदत मोजा. गुन्ह्याच्या गंभीरपणानुसार पहिल्या रिमांडपासून ६० किंवा ९० दिवस. तेवढ्यात दाखल झालं नाही तर त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७(३) खाली जामिनाचा हक्क तयार होतो, पण तो मागावा लागतो, आणि आरोपपत्र येण्याआधी मागावा लागतो. आरोपपत्र आधी आलं की हक्क गेला. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, हेल्पलाइन १५१००. कोठडीतल्या माणसाला, तसंच स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

आश्रमशाळेचं. मामांचा गैरसमज आहे. आश्रमशाळा आदिवासी किंवा विमुक्त-भटक्या मुलांसाठी आहेत, तिथे कोणालाही टाकता येत नाही. बालगृहात प्रवेश फक्त बाल कल्याण समितीच्या आदेशाने. नोंदणी नसलेल्या एखाद्या ‘आश्रमा’त परस्पर नेऊन सोडणं बेकायदा आहे, चालवणाऱ्यासाठी तर गुन्हाच. बाल न्याय कायदा, २०१५ चं तत्त्वच असं की संस्था हा शेवटचा उपाय. आई आहे, आजी आहे, छप्पर आहे. मुलांचा बाप आधीच गेलाय, आता आई आणि एकमेकंही काढून घ्यायची का, एवढंच मामांना विचारा.

बातमीचं. गावच्या ग्रुपवर मुलांचे फोटो फिरत असतील तर ॲडमिनला लेखी सांगा. मूल समितीसमोर आलेलं, पीडित किंवा साक्षीदार असेल तर ओळख उघड करणाऱ्या माध्यमाला बाल न्याय कायद्याचं कलम ७४ लागतं: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

---

प्रोबेशन_निवृत्त

वकीलसाहेबांच्या पोस्टला एक जोड. पुढे शिक्षा लागलीच तर दोन शब्द माहीत असू द्या: संचित रजा म्हणजे फर्लो आणि अभिवचन रजा म्हणजे पॅरोल. न्यायबंद्याला या रजा नसतात, त्याला कोर्टाकडून तात्पुरता जामीनच मागावा लागतो. मुलांचं आजारपण, शिक्षण ही कारणं किरकोळ समजून लोक अर्जच करत नाहीत. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परदेशी शिकायला निघालेल्या मुलाची व्यवस्था लावून त्याला निरोप देता यावा म्हणून एका शिक्षाबंद्याला पॅरोल दिला होता.

शिक्षाबंद्यांसाठी महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने मे २०२२ मध्ये येरवड्यातून ‘जिव्हाळा’ ही कर्जयोजना सुरू केली, ५०,००० पर्यंत, ७ टक्क्यांनी, आत मिळणाऱ्या मजुरीवर. मुलांच्या फीसाठी चालते. तुम्हाला आज लागू नाही, कानावर असू द्या. आणि मुंबई-ठाण्याकडे कोणी असेल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’चे सामाजिक कार्यकर्ते १९९० पासून कारागृहांत काम करतात, तिथे विचारा.

---

सिन्नर_बाई

सगळ्यांचे आभार. आधार आणि बँक एकाच दिवशी झालं, कारण दोन्ही तालुक्यालाच. वकिलांनी ९० दिवसांची तारीख आईला कॅलेंडरवर लाल गोल करून दिली. बालसंगोपनचा अर्ज भरतोय, पण एका गोष्टीवर अडलंय. घरासमोरच्या फोटोला मुलगा उभा राहायला तयार नाही. ‘गल्लीतले सगळे बघतात’ म्हणतो.

---

कागदपत्र_काका

नेहमीचं आहे. स्टुडिओवाला बोलवू नका. सकाळी सहाला, गल्ली पाण्याच्या गडबडीत असते तेव्हा, तुमच्याच मोबाइलवर काढा. मुलाला शाळेच्या कपड्यांत, दप्तर पाठीला, म्हणजे कोणी बघितलं तरी शाळेचं काम वाटतं. पाटी, बोर्ड, नावाचा कागद काही हातात द्यायचा नाही, तसा नियम नाही. दार दिसलं पाहिजे, घर क्रमांक असेल तर तो दिसावा, आणि चेहरे उन्हाविरुद्ध काळे पडू नयेत. आजीलाही सोबत उभं करा, मुलं कोणाजवळ राहतात ते त्यात दिसतं. चार बाय सहाच्या तीन प्रती काढा. एक अर्जाला, एक घरी चौकशीला येतात त्यांना, आणि एक पुढच्या वर्षाच्या फायलीला.